साहेबांचे केस

४ जून

मागची खोली एकदाची रिकामी झाली. फुटके आरसे, मोडक्या खुर्च्या, नळ बदलताना उरलेले पाइप, सगळं भंगारात गेलं. तिथे आता वरखाली होणारं रबरी टेबल बसलं आहे, आणि एक दांडगा ड्रायर. तो सुरू केला की पुढच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांची बडबड ऐकू येत नाही, हा वरचा फायदा. पेंटरने सलूनच्या पाटीवर एक ओळ वाढवली, 'येथे कुत्र्यांचेही केस कापून मिळतील.' रोज दाढीला येणारे निवृत्त मास्तर पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आमचे कापत होतास ते कोण समजून?"

पंधरवड्याचा वर्ग केला, त्यात कुरळ्या केसांची कुत्री शिकवली. इतर जातींचं पुढच्या वर्गात शिकवतात. पुढचा वर्ग मी केला नाही. तीस वर्षं हातात कात्री आहे, केस ते केस. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे, की कापलेलं पुन्हा उगवतं. शिंप्याचा हात चुकला की कापड गेलं. माझा चुकला तर थोडे दिवस टोपी घाला.

नव्या कामाची टिपणं ठेवायची म्हणून ही वही आणली. घरी बोलायला कुणी नाही. संध्याकाळी ताईकडे जेवायला जातो तेव्हा काय बोलणं होईल तेवढंच.

९ जून

ताईच्या मोतीबिंदूची तारीख लागली. एक डोळा आत्ता, दुसरा नंतर. कपडे शिवायचं तिचं काम चालूच आहे, पण सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते. मी म्हटलं, "माझ्याकडे राहायला ये, वरची एक खोली रिकामीच आहे." भावोजी गेल्यापासून हे मी कितव्यांदा म्हणतोय कोण जाणे. ती म्हणाली, "आणि साहेब?"

दुकानाच्या वर मी राहतो त्या खोल्यांत कुत्रं ठेवायला घरमालकाची परवानगी नाही. संपलं बोलणं.

साहेब म्हणजे भावोजींचा कुत्रा. जात युरेशियर. तीन जाती मिसळून मुद्दाम घडवलेली, फारशी कुठे दिसत नाही. उभे कान, कोल्ह्यासारखं तोंड, पाठीवर गुंडाळलेली शेपूट, जिभेवर शाई सांडल्यासारखा डाग, आणि अंगावर तांबूस सोनेरी केसांचा असा संभार की हात घातला तर मनगटापर्यंत आत जातो. भावोजी त्याला फिरवायला नेत तेव्हा दर कोपऱ्यावर कुणीतरी थांबवून विचारायचं, ही कोणती जात? भावोजींना तेच हवं असायचं. साधं पाव आणायला गेले तरी तासाने परत.

स्वभाव मात्र नावाप्रमाणे. भुंकत नाही, उड्या मारत नाही, चाटत नाही. परका माणूस आला की एकदा मान वर करून बघणार आणि पुन्हा खाली ठेवणार, जणू अर्ज वाचून बाजूला सरकवला. घरच्यांवर मात्र जीव टाकतो. ताई मशीनवर बसली की हा तिच्या पायाशी, ती उठली की हा उठतो. भावोजी म्हणायचे, हे कुत्रं घरातल्यांचं असतं, घराचं नाही. त्याला वेगळं बांधून ठेवलं तर तो खंगतो.

पाच वर्षं मी त्या घरात रोज जेवतोय. अजून मी परकाच आहे. मला काही त्याचं वाटत नाही, कुत्रंच आहे.

१३ जून

ताई साहेबांना घेऊन दुकान बघायला आली. आज गर्दी होती, सगळे खूश झाले. मी खुर्चीवरचं काम सोडून पुढे झालो, गुडघ्यावर बसलो, हात पुढे केला, "या साहेब, तुमचंच दुकान आहे." तो माझ्या हाताला वळसा घालून गेला आणि आरशासमोर पाठ करून बसला.

मास्तर म्हणाले, "साहेबांनी भेट नाकारली." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या खुर्चीत बसलेलं रडकं पोर दोन मिनिटांत गप्प होतं, भांडून आलेला माणूस हसत उठतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ताई म्हणाली, "अरे, तो तसाच आहे, त्याला थोडा वेळ दे." पाच वर्षं म्हणजे थोडा वेळ नव्हे.

१७ जून

ताईचं ऑपरेशन नीट झालं. आजची रात्र ती दवाखान्यातच आहे. साहेब दिवसभर माझ्याकडे होते.

उन्हाची नुसती काहिली. तो मागच्या खोलीत धापा टाकत होता. कानामागे आणि मागच्या पायांना केसांचे गुंते झालेले, ताईला दिसत नव्हतं ना. म्हटलं विंचरून द्यावं. टेबलावर घेतला, दोनदा कंगवा फिरवला असेल नसेल, तो खाली उतरला, दाराशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून पडला. मी हाक मारली. कानसुद्धा हलवला नाही. पुढून मास्तरांचा आवाज आला, "अरे, आधी वेळ घेतली होतीस का त्यांची?"

मी त्याला पुन्हा टेबलावर घेतलं आणि केस कापायचं मशीन लावलं. उकाड्यामुळेच. इतक्या केसांत कुणाचाही जीव घुसमटेल.

त्याने काही विरोध केला नाही. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. एकदा मान वळवून मशीनकडे बघितलं आणि मग भिंतीकडे बघत उभा राहिला. खाली पडलेला ढीग आणखी एका कुत्र्याएवढा झाला. मधेच थांबावंसं वाटलं होतं, पण अर्धवट सोडलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं. शेपटीला हात लावला नाही.

काम संपल्यावर दूर जाऊन पाहिलं. एवढासा झाला तो. बारीक मान, करडी कातडी, बरगड्या, आणि मागे ती झुबकेदार शेपूट, कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. तो टेबलाखाली गेला आणि बाहेर येईना. पाणी ठेवलं, प्यायला नाही.

उगवतील. महिना, दीड महिना.

१८ जून

सकाळी ताई आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसतं. साहेब टेबलाखालून धावत निघाला आणि तिच्या पायांना घासला. तिने सवयीने खाली वाकून मानेत हात घातला. हात लगेच कातडीला लागला. ती तशीच वाकलेली राहिली.

"हे काय रे?"

मी म्हणणार होतो, उकडत होतं म्हणून. खरंच तेच म्हणणार होतो. पण तिने तोंड वर केलं, आणि त्या एका डोळ्याने माझा चेहरा शोधत होती. माझ्या तोंडून निघालं, "कातडीला बुरशी झाली होती. केसांखाली. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या ताबडतोब कापा."

तिने हात झटकन मागे घेतला.

"मला कसं दिसलं नाही?" मग स्वतःच म्हणाली, "मला काय दिसतंय म्हणा." मग हात पुसत, "पसरते का रे? माझ्याकडे लोकांचे कपडे असतात. आणि डोळ्याला काही लागू देऊ नका म्हणालेत."

"थोडे दिवस जपायचं," मी म्हटलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं, ह्याच्याकडे लक्ष ठेव." त्यांनी म्हणजे भावोजींनी. "एवढं एकच सांगितलं होतं."

तेव्हाच मी शब्द मागे घ्यायला हवे होते. पण ती ऑपरेशनवरून आलेली, तिला त्रास नको, असं मनात आलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. केस आले की बुरशीही बरी झाली म्हणून सांगता येईल.

२६ जून

ताईने औषध विचारलं, डॉक्टरीणबाईंना पुन्हा दाखवू का म्हणाली; मी म्हटलं, ते मी बघतो. मी एका साध्या डब्यात लहान मुलांची पावडर भरून दिली. तिने वासावरून ओळखू नये म्हणून त्यात चिमूटभर हळद घातली. काय माणूस आहे मी. लिहिताना हसू आलं आणि मग नाही आलं.

ती रबरी हातमोजे घालून त्याला पावडर लावते. मग हातमोजे उलटे करून काढते आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुते. साहेब मोरीच्या दाराशी उभा राहून बघत असतो. त्याची गादी मशीनखालून हलवून बाल्कनीत नेली आहे. काचेचं दार लावलेलं असतं. सुरुवातीला तो आत यायला बघायचा, ती "नाही" म्हणायची. आता यायला बघत नाही. शहाणा आहे.

मी जेवताना पाठ बाल्कनीकडे होईल असा बसतो. हल्ली तीच जागा सोयीची वाटते, पंख्याचा वारा येतो.

८ जुलै

ज्यांचं नाव घेऊन मी सुटलो त्या डॉक्टरीणबाई आज स्वतःच दुकानात आल्या. पाटी वाचून आल्या, सोय पाहायला. चांगलं वाटलं तर गिऱ्हाइकं पाठवेन म्हणाल्या. ताईला शिलाईची घाई असली की साहेब दिवसभर माझ्याकडे असतो, तसा आजही मागे होता. त्यांनी त्याला पाहिलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"हा युरेशियर ना? ह्याला कुणी भादरलं?"

मी विचारलं, काय बिघडलं, उगवतीलच ना.

त्यांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवून दाखवलं. ह्या कुत्र्यांना दोन थर असतात. आतला लोकरीसारखा, वरचा लांब आणि राठ. उन्हाळ्यात आतला आपोआप झडतो, तो फक्त विंचरून काढायचा. वरचा थर ऊन अडवतो, हवा खेळती ठेवतो. मशीन फिरवलं की आतली लोकर भराभर वर येते आणि वरचे केस मागे राहतात. कधी वर्ष, दीड वर्ष लागतं. कधी ठिगळं ठिगळं येतात. कधी येतच नाहीत. "गारवा मिळावा म्हणून लोक कापतात आणि उलट त्याची छत्री काढून घेतात," त्या म्हणाल्या. "कोणाचं काम हे?"

"घरच्यांनीच मशीन फिरवलं घरी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "चांगल्या घरातली माणसंसुद्धा असं करतात."

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसलो, गिऱ्हाइकाच्या. तीस वर्षांत त्या खुर्चीत असा रिकामा कधी बसलो नव्हतो. आधी बुरशीची थाप मारली आणि आता दोष ताईच्या माथी मारला, तोही अशा बाईसमोर जी तिला ओळखतही नाही. कशासाठी, तर दोन-चार कुत्र्यांची गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून. स्वतःची किळस आली. आणि तरी संध्याकाळी जेवायला गेलो, आणि बोललो नाही.

२० जुलै

एक चांगली गोष्ट घडली. दुपारी मी स्टुलावर बसून कात्र्यांना तेल देत होतो. साहेब उठला, आला आणि त्याने माझ्या बुटावर हनुवटी ठेवली. मी हाताचं तेल पुसलं. मग हळूच डोक्यावर हात ठेवला. त्याने डोळे मिटले आणि अंगाचा सगळा भार माझ्या पायावर टाकला.

शेवटी पटली त्याला ओळख. ताई म्हणायची ना, वेळ दे. रोज पाणी देतो, जवळ बसतो, त्याचं फळ म्हणायचं. मास्तरांना मुद्दाम आत बोलावून दाखवलं. ते नुसते म्हणाले, "बारीक झालाय रे हा फार."

३ ऑगस्ट

ताईच्या दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आता तिला लख्ख दिसतं. माझ्या भिंती कळकट आहेत, माझ्या कानात केस आहेत, सगळं सांगून झालं. मग ती साहेबाकडे बघत राहिली. पाठीवर मेंढीसारखी करडी लोकर, मानेवर आणि मांड्यांवर उघडे चट्टे. पहिल्यांदाच नीट बघत होती.

"इतकं वाढेपर्यंत मला कळलं नाही," म्हणाली.

रस्त्यात लोक अजून थांबवतात तिला. पूर्वी जात विचारायचे, आता विचारतात काय आजार आहे. ती म्हणते, "माझं लक्ष नव्हतं." दर कोपऱ्यावर तेच उत्तर. गेल्या आठवड्यात एक बाई शिवायला टाकलेले कपडे अर्धवट परत घेऊन गेली. ताईने तिला दोष दिला नाही, म्हणाली, मीही तेच केलं असतं.

आणि आज जेवताना म्हणाली, "मी त्याला परत देतेय. ज्या बाईकडून त्यांनी आणला होता, तिला फोन केला. ती म्हणाली, ह्या जातीचं कुत्रं पाच वर्षांनी घर बदललं की फार सोसतं. पण माझ्याकडे तरी काय सुख आहे त्याला? खात नाही, बाल्कनीत पडून असतो. माझ्या हातात त्याचं बरं होत नाही, धाकट्या." मग माझ्या पानात भात वाढत, "मग मी येईन तुझ्याकडे राहायला. एवढं मोठं घर काय करायचंय एकटीला."

कानांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, "जशी तुझी इच्छा." आवाज अगदी बेताचा ठेवला.

११ ऑगस्ट

वरची खोली रंगवून घेतली. फिकट निळा, तिला आवडतो तो. शिलाई मशीन खिडकीशी मावेल, मोजून पाहिलं. आपलं माणूस घरात असणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेलो होतो.

ती बाई म्हणे फार चांगली आहे, अंगण आहे, इतर कुत्री आहेत. साहेबाचंही भलंच होईल. आता खरं सांगून कुणाचा फायदा? ताईला उगाच धक्का. हे मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.

१८ ऑगस्ट

उद्या सकाळी ती बाई गाडी घेऊन येणार होती. दुपारी मी ताईकडे सामान बांधायला गेलो. तिने हातमोजे घातले, पावडर लावली, हातमोजे काढले, मोरीत गेली. साहेब काचेआडून तिचे हात बघत होता. नळ बंद झाला तशी त्याची शेपूट हलली, एकदाच. ती बाहेर आली आणि दुसऱ्या खोलीत गेली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काचेला तोंड लावलं.

तेव्हा कळलं मला. तो माझ्या बुटावर डोकं ठेवायला आला होता तो माझ्यासाठी नव्हे. त्या घरात त्याला उघड्या हाताने कुणी शिवतच नव्हतं. उपाशी माणूस कुणाच्याही दारात बसेल, तसा तो आला होता. आणि मी मास्तरांना बोलावून दाखवत होतो.

ताई पिशवीत त्याची वाटी आणि कंगवा भरत होती. मी म्हटलं, "ताई, बुरशी नव्हती."

"काय नव्हती?"

"बुरशी. काहीच झालं नव्हतं त्याला. मीच कापले. तू विचारलंस आणि मी काहीतरी ठोकून दिलं."

"आणि पावडर?"

"लहान मुलांची."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या मग?"

"त्यांना दाखवलंच नव्हतं. नंतर त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, घरच्यांनी कापले." तेही सांगितलं. "म्हणजे तू."

ती मशीनच्या स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. लहानपणी ओरडायची. ती स्वतःचे हात बघत बसली.

"केसांचं मी तुला त्याच दिवशी माफ केलं असतं," ती म्हणाली. "अरे, मी त्याला हातमोजे घालून हात लावत होते. आणि दर वेळी त्याच्यासमोर साबणाने हात धुतले. तो उभा राहून बघायचा. त्याला काय वाटलं असेल?"



तिने उठून काचेचं दार उघडलं. साहेब आत आला नाही. उंबऱ्यावर पंजा ठेवला आणि मागे घेतला. आत यायचं नाही हे त्याला तिनेच शिकवलं होतं. तिने हाक मारली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी ती जमिनीवर बसली आणि फरशीवर हात थापटला, तेव्हा आला, अंग चोरत. तिने दोन्ही हात त्याच्या मानेच्या उघड्या कातडीवर ठेवले, गाल ठेवला. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, पाच वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता.

"फोन करून सांगते तिला, येऊ नका म्हणून," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता तू जा."

२५ ऑगस्ट

काही निरोप नाही. जेवायला गेलो नाही, ती ये म्हणालीही नाही. वरची खोली निळी होऊन रिकामी पडली आहे. पाटीवरची कुत्र्यांची ओळ पेंटरला पुसायला सांगितली.

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दुकान उघडलं आणि ताई दारात. सोबत साहेब. तिने दाराजवळ सतरंजी अंथरली, तो सतरंजीवर बसला, ताई वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बसली आणि तिथलं जुनं मासिक उघडलं. मी काय बोलावं ह्याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "दोन महिने लोक विचारतायत आणि मी उत्तर देतेय. आज तू दे."

शनिवारी माझ्याकडे उभं राहायला जागा नसते, हे तिला माहीत आहे.

पहिले मास्तर. अर्ध्या गालाला साबण लागला होता तेव्हा आरशातून साहेबाकडे बघून म्हणाले, "आजार काही बरा होत नाही का रे ह्याचा?"

"आजार नाही, मास्तर," मी म्हटलं. "मी कापले. तेव्हापासून नीट आले नाहीत."

मास्तरांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून घेतले. दाढी संपेपर्यंत उघडले नाहीत.

मग कोपऱ्यावरचा दुकानदार, मग एक नवरा-बायको, मग ओळखीचे, बिनओळखीचे. पूर्वी जसा तो सगळ्यांच्या नजरेत भरायचा तसाच अजूनही भरतो. प्रत्येक जण विचारतो. मी प्रत्येकाला सांगत गेलो. सांगून सांगून शब्द गुळगुळीत झाले, "माझ्याकडून चुकून कापले गेले." असं म्हटलं की लोक चुकचुकतात आणि मलाच धीर देतात, होतं असं.

दुपारी जरा मोकळीक मिळाली. ताईने मासिक मांडीवर ठेवलं.

"चुकून नको म्हणूस."

"मला खरंच माहीत नव्हतं ते दोन थरांचं, ताई."

"ते नसेल माहीत. पण मशीन काही चुकून सुरू होत नाही. मी तुला लहानपणापासून ओळखते, धाकट्या. तुझ्याकडे कुणी बघितलं नाही की तुझं काय होतं ते मला माहीत आहे."

माझ्या हातात फणी होती, ती मी उगाच पुसत राहिलो. सतरा जूनचं पान मी आता रात्री लिहिताना काढून वाचलं. उकाड्यामुळेच, असं लिहिलंय.

फणी पुसत होतो तेवढ्यात एक नवा माणूस आत आला, कधी न पाहिलेला. खुर्चीत बसला, मी कापड बांधलं, आणि त्याने मान वळवून विचारलं, "ह्या बिचाऱ्याला काय झालं हो?"

"मी कापले त्याचे केस," मी म्हटलं. "तो माझ्याकडे येत नव्हता म्हणून."

तो मोठ्याने हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी हसलो नाही, तसा तो आरशात माझ्याकडे बघत हळूहळू थांबला. ताईने मासिकाचं पान उलटलं.